मुळात राहिलेला तुकडा

साताऱ्यापासून सांगलीपर्यंत दातांचे काम करणाऱ्या कोणाकडेही असा पेशंट अधूनमधून येतोच. हातात एक्सरेचे पाकीट, नाहीतर मोबाईलवर काढलेला त्याचा फोटो, आणि मागणी एकच : "दाढेत सुई मोडून राहिलीय, तेवढी काढून द्या." दुखत असतेच असे नाही. पुष्कळदा रूट कॅनॉल होऊन चार-पाच वर्षे उलटलेली असतात, त्या दाढेवर रोज भाकरी चावली जाते, आणि शेजारच्या दातासाठी काढलेल्या एक्सरेत मुळामध्ये एक ठळक पांढरी रेघ पहिल्यांदाच दिसलेली असते. तेव्हापासून त्या माणसाचे चित्त थाऱ्यावर नसते. मुळात तुटून राहिलेल्या फाईल काढण्याच्या कामात बरीच वर्षे गेल्यावर माझे मत असे बनले आहे की, या प्रसंगात पेशंट आणि डॉक्टर दोघेही भलत्याच गोष्टीकडे पाहत बसतात. दोघांची नजर त्या धातूच्या तुकड्यावर खिळते. दात टिकेल की जाईल हे ठरते ते तुकड्याच्या पलीकडे, मुळाच्या टोकापर्यंत उरलेल्या दोन-तीन मिलिमीटर जागेत जंतू शिल्लक आहेत की नाहीत यावर. तुकडा काढायचा की ठेवायचा हे त्या जागेकडे पाहून ठरवावे, आणि काढण्यासाठी मुळाची किती भिंत खर्ची पडणार याचा हिशेब आधी मांडावा, एवढेच माझे म्हणणे आहे. ते पटवून द्यायला मात्र थोडे खोलात जावे लागेल, कारण त्याच्या विरुद्ध बोलणाऱ्यांचे मुद्दे हलके नाहीत.

पेशंट जिला सुई म्हणतो ती फाईल किती बारीक असते याची कल्पना बाहेरच्या माणसाला सहसा नसते. जांभळ्या मुठीची दहा नंबरची हातफाईल टोकाला एक दशांश मिलिमीटर असते, आणि तिचा घासणारा भाग सोळा मिलिमीटर लांब असतो. मुळातली नळी सरळ नसते. खालच्या दाढेच्या पुढच्या मुळात आणि वरच्या दाढेच्या गालाकडच्या पुढच्या मुळात ती वाकून, कधी दोनदा वाकून जाते. तुटलेले तुकडे जास्त सापडतात ते याच मुळांत. पूर्वी सगळ्या फाईल स्टीलच्या असत. 1988 मध्ये अमेरिकेत वालिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निकेल-टायटॅनियमच्या तारेपासून फाईल घडवून पाहिली. मिश्रधातू मूळचा अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेतला, वाकवला तरी पुन्हा सरळ होणारा. पुढच्या दहा वर्षांत मोटरवर फिरणाऱ्या फाईल आल्या आणि वाकड्या नळीतले काम सोपे आणि जलद झाले. त्यांची अडचण एकच. स्टीलची हातफाईल तुटण्याआधी तिचे पीळ उलगडतात, डोळ्यांना दिसते आणि ती फेकून देता येते. निकेल-टायटॅनियमची फाईल बहुधा काहीच सांगत नाही. वळणात फिरताना धातू एका बाजूला ताणला जातो, दुसऱ्या बाजूला दाबला जातो, मिनिटाला शेकडो वेळा. त्या थकव्याने ती तुटते. नाहीतर टोक अरुंद जागी अडकते, मोटर वरून फिरवतच राहते, आणि ती पिळवटून तुटते.

अशी फाईल तुटली म्हणजे डॉक्टरला काम येत नव्हते, असा निष्कर्ष लोक काढतात. दंतवैद्यांपैकीही काही जण काढतात. 2004 मध्ये चार देशांतल्या चौदा एंडोडोंटिस्टांनी वापरून टाकून दिलेल्या 7,159 फाईल तपासल्या गेल्या. त्यांतल्या सुमारे पाच टक्के तुटलेल्या होत्या. हे सगळे याच कामातले तज्ज्ञ होते, आणि तरीही पाच टक्के. त्याच अभ्यासात असेही दिसले की फाईल बिघडण्यात सगळ्यांत मोठा वाटा ती चालवणाऱ्या हाताचा असतो. ही दोन्ही वाक्ये एकत्र धरायला हवीत. हात महत्त्वाचा आहे, म्हणून घाई करणे, दाब देणे, आधी हातफाईलने वाट न करता मोटर लावणे, एकच फाईल पेशंटमागून पेशंटला ऑटोक्लेव्ह करून वापरत राहणे, यांची जबाबदारी आपण घेतलीच पाहिजे. ब्रिटनने 2007 मध्ये फाईल एकदाच वापरून टाकून द्यायचा नियम केला, तो संसर्गाच्या भीतीने. आपल्याकडे पैशाच्या हिशेबाने फाईल पुन्हा पुन्हा वापरली जाते, आणि एखादी फाईल किती दाढांत फिरली याची वहीत नोंदही बहुतेक ठिकाणी नसते. ही नोंद ठेवायला खर्च येत नाही, तेव्हा ती नसण्याला सबब नाही. पण इतकी काळजी घेऊनही फाईल तुटते, हेही खरे. त्यात आपल्या भागातली एक भर अशी की, वर्षानुवर्षे मिश्री घासून झिजलेल्या दातांत नस आत आत सरकत जाते आणि नळ्या आक्रसतात. माण-खटावकडच्या, जत-आटपाडीकडच्या साठी ओलांडलेल्या बायकांच्या दाढांत नळीचे तोंड शोधण्यातच अर्धा वेळ जातो. अशा नळीत फाईल अडकण्याचा धोका वीस वर्षांच्या पोरापेक्षा कितीतरी जास्त.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. तुकडा आत राहिला तर दात बरा होतो का? हा प्रश्न जुना आहे आणि त्याची उत्तरेही जुनी आहेत. 1970 मध्येच क्रम्प आणि नॅटकिन यांनी फाईल तुटून राहिलेले दात आणि तसेच, पण फाईल न तुटलेले दात यांची जोड्या लावून तुलना केली आणि दोहोंच्या निकालात फरक सापडला नाही. ते दिवस स्टीलच्या फाईलचे होते. 2005 मध्ये मेलबर्नहून स्पिली, पराशोस आणि मेसर यांचा अभ्यास आला. तज्ज्ञांनी केलेल्या 8,460 रूट कॅनॉलच्या नोंदी त्यांनी चाळल्या, तुकडा आत राहिलेले 146 दात घेतले, त्यांच्याशी जुळणारे 146 दात घेतले, आणि किमान वर्षभराने दोन्ही पाहिले. तुकडा राहिलेल्यांत 91.8 टक्के बरे, न राहिलेल्यांत 94.5. फरक इतका लहान की तो योगायोगानेही पडू शकतो. मुळाच्या टोकाशी आधीच पू होऊन हाड खाल्ले गेले होते, म्हणजे एक्सरेत काळा डाग होता, अशा दातांत आकडे खाली आले : 86.7 आणि 92.9. थोडक्यात, दोन्ही गटांत आकडा खाली ओढणारी गोष्ट एकच, आधीचा संसर्ग. 2010 मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र करून पाहिले गेले तेव्हाही हेच चित्र निघाले.

यावर सगळ्यांत वजनदार आक्षेप असा घेतला जातो की, हे आकडे तज्ज्ञांच्या दवाखान्यातले आहेत. तिथे प्रत्येक दाताला रबर डॅम, म्हणजे लाळ आत येऊ न देणारा रबराचा पडदा, लागतो, हायपोक्लोराइटने नळी भरपूर धुतली जाते, आणि फाईल बहुधा सफाई जवळजवळ संपत आल्यावर तुटते. तालुक्याच्या गावी, रबर डॅमशिवाय, पहिल्याच भेटीत, पुवाने भरलेल्या नळीच्या निम्म्यावर फाईल तुटली तर मेलबर्नचे आकडे दाखवून हात झटकता येतील का? नाही येणार. आक्षेप बरोबर आहे, आणि 86.7 व 92.9 मधले अंतर गणिताच्या कसोटीला उतरले नाही म्हणून ते शून्य आहे असेही मी मानत नाही. तपासलेले दात थोडे होते. पण हा आक्षेप नीट पाहिला तर तो माझ्याच बाजूने बोलतो. तो सांगतो की फाईल केव्हा तुटली, आधी नस जिवंत होती की सडलेली, आणि तोवर किती धुऊन झाले होते, यावर सगळे अवलंबून आहे. नस जिवंत होती, फक्त दुखत होती म्हणून रूट कॅनॉल झाले, आणि शेवटच्या फाईलचा तुकडा टोकाशी राहिला, तर तो तिथे भरावाचेच काम करतो. त्याला हात लावू नये. नस सडलेली, टोकाशी डाग, आणि सुरुवातीलाच वाट अडली, तर पलीकडे पोहोचण्याचा प्रयत्न करायलाच हवा. एक्सरेत पांढरी रेघ दोन्हीकडे सारखीच दिसते. म्हणूनच नुसता एक्सरे पाहून "काढावी लागेल" किंवा "काही होत नाही" असे सांगणारा डॉक्टर, दोन्ही उत्तरांत, अंदाजाने बोलतो. पहिल्या डॉक्टरला फोन करून, फाईल तुटली तेव्हा आत काय होते हे विचारणे ही या कामातली पहिली आणि बहुतेक वेळा टाळली जाणारी पायरी आहे.

अंगात लोखंड राहिले तर विष भिनेल, ही पेशंटची भीती समजण्यासारखी आहे, पण तिला आधार नाही. पूर्वी नळीत चांदीच्या काड्या भरत. त्या गंजत, आणि त्याचा त्रास होई, म्हणून त्या मागे पडल्या. स्टील आणि निकेल-टायटॅनियम तसे गंजत नाहीत. मोडलेल्या हाडात वर्षानुवर्षे राहणाऱ्या पट्ट्या आणि स्क्रू आपल्या ओळखीचे आहेत. हे इतके सांगितले की बहुतेकांची भीती ओसरते.

काढण्याची किंमत मात्र पेशंटला कोणी सांगत नाही, आणि कित्येकदा डॉक्टरही स्वतःशी मांडत नाही. तुकडा काढणे म्हणजे काय हे जवळून पाहिले तर ती कळते. मायक्रोस्कोपखाली नळीच्या तोंडापासून तुकड्याच्या माथ्यापर्यंत आधी सरळ, रुंद वाट करावी लागते, कारण जे दिसत नाही ते काढता येत नाही. मग तुकड्याच्या माथ्याभोवती एक छोटासा सपाट कट्टा कोरायचा. बाकीच्या नळ्यांची तोंडे कापसाने बंद करायची, नाहीतर सुटलेला तुकडा उडून शेजारच्या नळीत जाऊन पडतो. त्यानंतर केसासारखी अल्ट्रासॉनिक टिप तुकड्याच्या कडेला टेकवून घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरवायची, म्हणजे आटे सुटत जातात. हे पाण्याशिवाय करावे लागते. पाणी आले की दिसायचे बंद होते. टिप तापते, म्हणून काही सेकंद चालवायची, थांबायचे, मदतनीसाने हवेचा बारीक झोत मारून भुकटी उडवायची, पुन्हा चालवायची. हाड 47 अंश तापमानाला एक मिनिट राहिले तर त्याला इजा होते हे 1983 मध्येच दाखवले गेले आहे, म्हणजे शरीराच्या तापमानापेक्षा फक्त दहा अंश जास्त. टिप चुकून तुकड्याच्या माथ्यावर टेकली तर निकेल-टायटॅनियमचे पुन्हा दोन तुकडे होतात. सगळे जमले तर माथा थरथरू लागतो, गरकन फिरतो आणि एकदम वर येतो. ट्रेमधल्या गॉजवर तो ठेवला तर पेशंटला विश्वास बसत नाही की एवढ्याशासाठी एवढे चालले होते.

या सगळ्यात कोरले जाते ते मूळ. खालच्या दाढेच्या पुढच्या मुळाची मागची भिंत मुळात एक मिलिमीटरच्या आसपास जाड असते. तुकडा नळीच्या वरच्या तिसऱ्या भागात असेल तर फारसे बिघडत नाही. मधल्या भागात गेला की मूळ कमकुवत होते, आणि वळणाच्या पलीकडे, टोकाकडच्या भागात तुकड्यामागे लागले तर भिंतीला भोक पडण्याचा धोका खरोखरीचा असतो. साउटर आणि मेसर यांनी 2005 मध्ये प्रयोगशाळेत काढलेल्या दातांवर हेच दाखवले. भोक पडलेली दाढ पुष्कळदा आणि दोन वर्षांनी उभी चिरलेली दाढ बहुधा काढावी लागते. आत राहिलेल्या तुकड्याची दाढ बहुधा राहते. स्वित्झर्लंडमध्ये बर्न इथे 97 तुकड्यांवर काम झाले, त्यांतले 87 टक्के निघाले, आणि तरीही त्या मंडळींनीच लिहून ठेवले की पाऊण तास ते तासाभरापलीकडे प्रयत्न ताणू नये, कारण वेळ वाढतो तसे यश घटते. मला हा सल्ला त्यांच्या 87 टक्क्यांपेक्षा मोलाचा वाटतो. आमच्या कामात तुकडा निघण्याचा आनंद फार मोठा असतो, त्याचे फोटो परिषदांत दाखवले जातात, आणि त्या आनंदापायी मूळ किती पोखरले गेले हे फोटोत दिसत नाही. तुकडा निघाला, हे डॉक्टरचे यश. दाढ दहा वर्षे चावत राहिली, हे पेशंटचे यश. दोन्ही एकच आहेत असे धरून चालण्यात या कामातली निम्मी नुकसानी होते.

काढणे आणि सोडून देणे यांच्यामध्ये एक तिसरा मार्ग आहे, त्याचे नाव बायपास, आणि तो सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा आहे. नळीचा छेद क्वचितच पूर्ण गोल असतो; लांबट असतो. तुकडा एका बाजूला बसतो आणि दुसऱ्या बाजूला सांदर राहते. आठ किंवा दहा नंबरच्या हातफाईलचे टोक किंचित वाकवून, नळी ओली ठेवून, जोर न लावता ती सांदर शोधत राहायचे. फाईल चिकटल्यासारखी वाटली की तीच खूण धरायची, काढायची नाही, तिथेच अगदी थोडी खालीवर करायची. एकदा पलीकडे गेले की धुणे पलीकडे पोहोचते, आणि तुकडा भरावात पुरला गेला तरी चालतो. याला महागडा मायक्रोस्कोप लागत नाही, चांगला उजेड, भिंगाचा चष्मा आणि चिकाटी लागते. विट्याच्या किंवा वडूजच्या दवाखान्यातही हे होऊ शकते. बायपासच्या वाट्याला प्रतिष्ठा नाही, कारण शेवटच्या एक्सरेत तुकडा दिसतच राहतो आणि पेशंटला वाटते काहीच केले नाही.

मग कोणाला पुढे पाठवायचे? सांगलीत आणि जवळच कवलापूरला, तसेच कराडजवळ मलकापूरला दंतमहाविद्यालये आहेत. मिरजेची तर शंभर-सव्वाशे वर्षांपासून दवाखान्यांचे गाव म्हणूनच ख्याती. तेव्हा पाठवायला जागाच नाही असे म्हणता येत नाही. काही सहकारी म्हणतात, तुटली की लगेच पाठवावी, विषय संपला. जबाबदारी म्हणून ते योग्यच आहे, पण जतच्या शेतमजुराला सांगलीच्या तीन फेऱ्या म्हणजे तीन दिवसांची मजुरी, एसटीचे भाडे आणि बरोबर येणाऱ्याचाही दिवस. काढायचा खर्च मूळ रूट कॅनॉलइतका किंवा जास्त होतो, वर कॅप राहतेच. ती दाढ मुळात अर्धी किडलेली असेल, कॅप धरायला वर पुरेसा दात नसेल, तर तुकडा निघूनही ती टिकणार नाही. तिथे ही सगळी धावपळ पेशंटवर लादणे अन्याय आहे. 1995 मध्ये रे आणि ट्रोप यांनी हजारावर दातांचे एक्सरे पाहून दाखवले की रूट कॅनॉल टिकण्यात वरच्या भरावाचा वाटा निदान आतल्या भरावाइतका मोठा आहे. तुकड्यासाठी पुण्यापर्यंत धावणारा पेशंट त्याच दाढेवर सहा महिने तात्पुरते सिमेंट घेऊन हिंडतो, आणि त्याला कोणी हटकत नाही, हे मला जास्त खटकते. पाठवावे ते डाग असलेल्या, वाट अडलेल्या, पण वर भक्कम असलेल्या दाढेला. आणि त्यातूनही डाग मोठा होत गेला तर मुळाचे टोक शस्त्रक्रियेने कापण्याचा उपाय हाताशी असतोच.

राहिला प्रश्न सांगण्याचा. पुष्कळ चांगले डॉक्टर इथेच अडखळतात. त्यांचे म्हणणे असे की, पेशंट आधीच खुर्चीत घाबरलेला, त्याला "फाईल तुटली" सांगितले की तो गावभर सांगणार, दुसऱ्याकडे जाणार, कदाचित ग्राहक आयोगात जाणार. आणि तुकडा निरुपद्रवी असेल तर न सांगितल्याने बिघडते काय? व्ही. पी. शांता खटल्यात 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, तेव्हापासून ही धास्ती आहे आणि ती समजण्यासारखी आहे. पण त्याच न्यायालयाने 2005 मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात स्पष्ट केले की उपचारातला अपघात किंवा निर्णयातली चूक म्हणजे आपोआप हलगर्जीपणा होत नाही. आणि 2008 च्या समीरा कोहली खटल्यात सांगितले की आपल्यावर काय केले जाते हे कळण्याचा पेशंटला हक्क आहे. म्हणजे कायद्याच्या बाजूनेही तुटणे अंगाशी येत नाही, लपवणे येते. आणि लपते कुठे? एक्सरेत ते आयुष्यभर दिसत राहते. आज ना उद्या दुसरा कोणी तो पाहणारच. माझा आग्रह इतकाच की रूट कॅनॉल सुरू करण्याआधीच, संमतीपत्रावर सही घेताना, अशी फाईल तुटू शकते हे बोलून ठेवावे, आणि तुटली तर त्याच दिवशी, बरोबर आलेल्या घरच्या माणसासमोर, एक्सरे दाखवून सांगावे. दाढेत काय ठेवले, का ठेवले, पुढे कशावर लक्ष ठेवायचे हे मराठीत, चार ओळींत लिहून द्यावे. दुसऱ्या बाजूने, ज्याच्याकडे पेशंट नंतर येतो त्याचीही जबाबदारी आहे. "कोणी केलं हे?" हे त्याचे तीन शब्द पहिल्या डॉक्टरला न सांगण्याचे शिक्षण देतात. तो प्रश्न विचारणे बंद झाले तर सांगणारे वाढतील, अशी माझी खात्री आहे.

ठेवलेल्या तुकड्यावर लक्ष ठेवण्याची रीत ठरलेली आहे : वर्षाने एक एक्सरे, आणि डाग असेल तर चार वर्षांपर्यंत अधूनमधून. अडचण अशी की न दुखणाऱ्या दाढेसाठी कोणी येत नाही. खानापूर-आटपाडीकडची गलाईची, म्हणजे सोने-चांदी गाळण्याचा धंदा करणारी, कुटुंबे तर देशभर पांगलेली. माण-खटावची माणसे मुंबईत. त्यांना "बारा महिन्यांनी या" म्हणून उपयोग नाही. त्यांना गावच्या यात्रेची तारीख विचारावी, कारण तेव्हा ती येतातच, आणि वहीत पुढच्या एक्सरेसमोर महिना न लिहिता यात्रेचे नाव लिहावे. फोन करायचा झाला तर तो यात्रेआधी आठवडाभर करावा; यात्रेनंतर केलेला फोन परतीच्या गाडीत उचलला जातो.